रानांतील शिरगणती

माणसांची खानेसुमारी कशी होते हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. गणतीदार घरोघर जातो, कुटुंबांतील माणसांचीं नांवें विचारतो, वय व धंदा टिपून घेतो, आणि शेवटीं सर्व घरांची बेरीज म्हणजे त्या गांवाची लोकसंख्या असें ठरतें. या कामांत कष्ट पुष्कळ आहेत. परंतु कोडें असें कांहीं नाहीं. माणसाला घर असतें, घराला दार असतें, आणि दार ठोठावलें असतां आंतून उत्तर येतें. रानांत यांपैकीं एकही सोय नाहीं. वाघाला पत्ता नसतो; चितळांचा कळप गणतीदाराची चाहूल लागतांच पसार होतो; आणि डोहांतील मासा तर डोळ्यांस दिसतच नाहीं. असें असतां अमुक रानांत इतके वाघ आहेत, तमुक तळ्यावर इतकीं बदकें उतरलीं, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों. हे आंकडे येतात कोठून? ते मोजलेले असतात कीं अंदाजलेले? आणि अंदाजलेले असल्यास त्यांवर विश्वास कितपत ठेवावा? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं लागणारें गणित बहुतेक त्रैराशिकापलीकडचें नाहीं. मात्र त्रैराशिक मांडण्यापूर्वीं विचार करावा लागतो, आणि खरें शास्त्र त्या विचारांतच आहे.

१. सर्व न मोजतां सर्वांची संख्या

या पद्धतीचें मूळ रानांत नसून माणसांच्याच गणतींत आहे. फ्रान्समधील थोर गणिती लाप्लास यांच्यापुढें त्या देशाची लोकसंख्या काढण्याचा प्रश्न होता. साऱ्या देशांतील माणसें मोजणें त्या काळीं फार खर्चाचें होतें. परंतु जन्मांची नोंद मात्र सर्वत्र होत असे. १८०२ सालीं देशाच्या तीस विभागांतून निवडक गांवें घेऊन तेथील माणसें प्रत्यक्ष मोजण्यांत आलीं. तीं २०,३७,६१५ भरलीं. त्याच गांवांत तीन वर्षांत २,१५,५९९ जन्म झाले होते, म्हणजे वर्षाकांठीं सुमारें ७१,८६६. यावरून दर जन्मामागें सुमारें २८.३५ माणसें असें प्रमाण निघालें. देशांत वर्षाला दहा लक्ष जन्म होतात असें धरलें, तर लोकसंख्या सुमारें दोन कोटी साडेत्र्यायशीं लक्ष होते. लाप्लास यांचें मोठेपण एवढ्यावरच संपत नाहीं. संख्या सांगून न थांबतां तींत चूक किती असूं शकेल याचेंही गणित त्यांनीं मांडलें. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां महत्त्वाची आहे, हें पुढें दिसून येईलच.

जन्मांची नोंद म्हणजे देशांतील कांहीं माणसांवर कागदोपत्रीं केलेली एक खूणच होय. मोजलेल्या गांवांत खुणेच्या माणसांचें सर्वांशीं जें प्रमाण, तेंच साऱ्या देशांत असलें पाहिजे, हा येथील युक्तिवाद. पशुपक्ष्यांची जन्मनोंद कोणी ठेवीत नाहीं. म्हणून त्यांच्या बाबतींत खूण आपल्याला स्वतः करावी लागते.

डेन्मार्क देशांतील मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनीं लिमफ्योर्ड नांवाच्या खाडींतील प्लेस जातीच्या चपट्या माशांना खुणा अडकवून ते पुन्हां पाण्यांत सोडले, आणि या कामाची हकीकत १८९६ सालीं प्रसिद्ध केली. त्याच देशांत व्हिबोर्ग गांवच्या मॉर्टेनसेन नांवाच्या एका शाळामास्तरांनीं १८९९ सालीं स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचीं हलकीं वाळीं घालून ते उडवून दिले. स्टार्लिंग हा आपल्या साळुंकीच्याच कुळांतील पक्षी. प्रत्येक वाळ्यावर क्रमांक व पत्ता कोरलेला असे. त्यामुळें तो पक्षी पुढें कोठें सांपडला, तर सांपडणाऱ्यास तसें कळवितां येई. पक्ष्यांना वाळीं घालण्याची जी पद्धत पुढें जगभर पसरली, तिचा पाया एका शाळाशिक्षकानें घातला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९३० सालीं अमेरिकेंत लिंकन यांनीं याच वाळ्यांचा उपयोग करून साऱ्या खंडांतील रानबदकांची संख्या अजमावण्याची रीत दाखविली. समजा, वाळीं घातलेल्या बदकांपैकीं शेंकडा १२ त्या हंगामांत शिकाऱ्यांनीं मारलीं. तर वाळीं नसलेल्या बदकांपैकींही शेंकडा १२ च मारलीं गेलीं असलीं पाहिजेत. मग मारलेल्या एकंदर बदकांची संख्या कळली, कीं मूळ किती होतीं हें त्रैराशिकानें सहज निघतें. पीटरसन व लिंकन या दोघांच्या नांवांनीं ही रीत आज ओळखली जाते.

२. चिंचोक्यांचा प्रयोग

ही रीत नीट समजण्यासाठीं एक प्रयोग प्रत्येकानें घरीं करून पाहावा. त्यास खर्च कांहीं नाहीं. एका पातेल्यांत न मोजतां बरेचसे चिंचोके घ्या. त्यांतून ६० चिंचोके काढून प्रत्येकावर चुन्याचा ठिपका द्या व तो वाळूं द्या. मग ते परत पातेल्यांत टाकून सर्व चिंचोके चांगले ढवळा. आतां डोळे मिटून ८० चिंचोके बाहेर काढा, आणि त्यांत ठिपक्याचे किती आले तें पाहा. समजा १२ आले. ८० मध्यें १२ म्हणजे शेंकडा १५. याचा अर्थ असा कीं, पातेल्यांतील एकंदर चिंचोक्यांपैकीं शेंकडा १५ वर ठिपका आहे. परंतु ठिपक्याचे चिंचोके ६० आहेत हें आपल्याला ठाऊकच आहे. ज्या संख्येचे शेंकडा १५ म्हणजे ६०, ती संख्या ४००. सूत्ररूपानें सांगावयाचें तर, पहिल्या खेपेस खूण केलेले गुणिलें दुसऱ्या खेपेस काढलेले, भागिलें दुसऱ्या खेपेंत आलेले खुणेचे.

आतां पातेल्यांतील चिंचोके खरोखर मोजून पाहा. ते बरोबर ४०० निघतील असें नाहीं. ३६० निघतील, ४५० निघतील. दुसऱ्या खेपेस ठिपक्याचे १२ ऐवजीं १० आले असते तर उत्तर ४८० झालें असतें, आणि १५ आले असते तर ३२० झालें असतें. हाताला कोणता चिंचोका लागावा हें दैवाधीन असल्यामुळें उत्तरांत हेलकावे हे यावयाचेच. गणितानें पाहतां, वरील उदाहरणांत खरी संख्या सुमारें २२० व ५४० यांच्या दरम्यान असण्याचा पुष्कळ संभव आहे, इतकेंच छातीठोकपणें सांगतां येतें. हें अंतर फार मोठें आहे. परंतु ६० ऐवजीं १५० चिंचोक्यांवर ठिपके दिले, दुसऱ्या खेपेस १६० काढले, आणि त्यांत ६० ठिपक्याचे निघाले, तरी उत्तर ४०० च येतें. मात्र आतां अंतर सुमारें ३४० ते ४६० एवढेंच उरतें. श्रम वाढविले म्हणजे अनिश्चितता घटते. ती अजिबात नाहींशी मात्र कधींच होत नाहीं.

आणखी एक बारकावा सांगण्यासारखा आहे. वरील सूत्रानें येणारें उत्तर, विशेषतः खुणेचे थोडे सांपडले असतां, सरासरीनें किंचित् जास्त येतें. म्हणून १९५१ सालीं चॅपमन यांनीं त्यांत एक सुधारणा सुचविली. सूत्रांतील तिन्ही संख्यांत एकेक मिळवावा, गुणाकार-भागाकार करावा, आणि उत्तरांतून एक वजा करावा. आपल्या पहिल्या उदाहरणांत ६१ गुणिलें ८१ भागिलें १३, वजा १, म्हणजे सुमारें ३७९ हें उत्तर येतें.

३. सूत्र केव्हां फसवितें

चिंचोके निमूटपणें पातेल्यांत पडून राहतात. प्राणी तसे राहत नाहींत; आणि म्हणूनच हें सोपें सूत्र डोळे झांकून वापरणारा फसतो. या रीतीच्या मुळाशीं तीन गृहीत गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट अशी कीं, दोन खेपांच्या दरम्यान कोणी मेलें नाहीं, जन्मलें नाहीं, बाहेरून आलें नाहीं व बाहेर गेलें नाहीं. पातेल्यावर झांकण आहे, असें म्हणा ना. दोन खेपांमध्यें थोडेच दिवस गेले असतील तर हें मानण्यास हरकत नाहीं. परंतु वर्ष उलटलें असेल तर तें मानणें म्हणजे स्वतःचीच समजूत घालणें होय.

दुसरी गोष्ट अशी कीं, खूण गळून पडत नाहीं. चिंचोक्यांवरील चुना निघून गेला व १२ पैकीं ४ ओळखूं आले नाहींत असें समजा. मग खुणेचे ८ च मोजले जातील, आणि उत्तर ४०० ऐवजीं ६०० येईल. पातेल्यांत एकही चिंचोका न वाढतां संख्या दीडपट झाली! रानांतही असेंच घडतें. खूण हरवली कीं कागदावरचे प्राणी वाढतात.

तिसरी गोष्ट अशी कीं, प्रत्येक प्राणी सांपडण्याचा संभव सारखा आहे. येथें प्राण्यांच्या स्वभावाचा संबंध येतो. पिंजऱ्यांत दाणे मिळतात हें एकदां कळल्यावर कांहीं उंदीर रोज पिंजऱ्याकडे धांव घेतात. तर कांहीं एकदां पकडले गेल्यावर इतके भितात कीं पुन्हां त्या वाटेस जात नाहींत. उंदीर धीट असतील तर खुणेचे पुष्कळ सांपडतात व उत्तर खऱ्यापेक्षां कमी येतें. भित्रे असतील तर खुणेचे थोडे सांपडतात व उत्तर खऱ्यापेक्षां जास्त येतें. यावरून हें उघड आहे कीं, गणितशास्त्रज्ञाला प्राण्याचा स्वभाव समजला पाहिजे, आणि प्राणिशास्त्रज्ञाला गणित समजलें पाहिजे. एकट्याच्यानें हें काम होण्यासारखें नाहीं.

४. किती मेले आणि किती दिसले नाहींत

आतांपर्यंत संख्येचा विचार झाला. परंतु एखाद्या जातीचें भवितव्य केवळ संख्येवरून कळत नाहीं. दोन रानांत वाघ सारखेच असतील. पण एकांत वाघ दीर्घकाळ जगत असतील, तर दुसऱ्यांत दरसाल पुष्कळ मरून त्यांची जागा बाहेरून आलेले तरुण वाघ भरून काढीत असतील. पहिल्या रानांत सुस्थिति आहे, दुसऱ्यांत संकट आहे. शिरगणतीचा आंकडा मात्र एकच. म्हणून वर्षाच्या प्रारंभीं असलेल्या प्राण्यांपैकीं शेंकडा किती वर्षअखेर जिवंत राहतात, हें तग धरण्याचें प्रमाण काढणें जरूर असतें.

येथें मोठी अडचण उभी राहते. समजा, एका बेटावरील १०० पक्ष्यांना आपण क्रमांकाचीं वाळीं घातलीं. दुसऱ्या वर्षीं त्यांपैकीं ४० दिसले. बाकीचे ६० मेले काय? कांहीं मेले असतील. पण कांहीं केवळ आपल्या दृष्टीस पडले नसतील. न दिसणें आणि नसणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. परंतु टिपणवहींत दोहोंच्या पुढें सारखेंच शून्य पडतें. हीं दोन शून्यें एकमेकांपासून वेगळीं कशीं करावयाचीं?

उत्तर तिसऱ्या वर्षानें मिळतें. समजा, तिसऱ्या वर्षीं त्या मूळच्या १०० पैकीं ३२ पक्षी दिसले. त्यांचे क्रमांक वहीशीं ताडून पाहतां असें आढळलें कीं, त्यांतील १६ दुसऱ्या वर्षीं दिसले होते व १६ दिसले नव्हते. तिसऱ्या वर्षीं जे दिसले ते सर्व ३२ पक्षी दुसऱ्या वर्षीं जिवंत होते, याविषयीं शंका घेण्यास जागाच नाहीं. तरीसुद्धां त्यांतील निम्मेच आपल्याला त्या वर्षीं दिसले. म्हणजे दुसऱ्या वर्षीं जिवंत पक्षी दिसण्याचें प्रमाण निम्में होतें. मग त्या वर्षीं जे ४० दिसले, ते जिवंत असलेल्यांपैकीं निम्मे. अर्थात् जिवंत होते ८०. शंभरांतील ८० जगले, २० गेले. वरवर पाहणाऱ्यास शेंकडा ६० मेलेसे वाटले असते. खरी हानि त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच होती.

हा युक्तिवाद किती साधा आहे, आणि तरी किती खोल आहे, हें पुन्हां एकदां वाचून पाहा. एका वर्षाच्या निरीक्षणांतील उणीव पुढील वर्षाचें निरीक्षण भरून काढतें. ऑर्कनी बेटांवरील फुलमार नांवाच्या समुद्रपक्ष्यांच्या नोंदींसंबंधानें कॉर्मॅक यांनीं ही विचारसरणी १९६४ सालीं गणिताच्या भाषेंत मांडली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९६५ सालीं, जॉली व सेबर यांनीं आपापल्या रीतीनें ती पुढें नेली. ज्या पातेल्यावर झांकण नाहीं, जेथें जन्म, मृत्यु व येजा चालूच आहेत, तेथेंही संख्या व तग या दोन्ही गोष्टी काढण्याची सोय त्यामुळें झाली. या रीतीची एक मर्यादा मात्र ध्यानांत असावी. जो प्राणी कायमचा दुसऱ्या रानांत निघून गेला, तो या गणितांत मेल्यासारखाच धरला जातो. म्हणून येथें निघणारें प्रमाण म्हणजे ‘जगला आणि येथेंच राहिला’ याचें होय.

५. पाऊलठशांपासून पट्ट्यांपर्यंत

आतां आपल्या देशांतील वाघांकडे वळूं. या शास्त्राची कसोटी, आणि तें न पाळल्याचा परिणाम, हीं दोन्ही येथें पाहावयास मिळतात.

आपल्याकडे बराच काळ वाघांची मोजणी त्यांच्या पाऊलठशांवरून होत असे. ओरिसांतील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ही रीत बसविली. पायवाटांवर व नाल्यांच्या कांठीं उमटलेले माग शोधावयाचे, कांचेवर त्यांची रेघ उतरून घ्यावयाची, प्लास्टरचे ठसे घ्यावयाचे, आणि आकारावरून हा अमुक वाघ, ती तमुक वाघीण, असें ठरवावयाचें. १९७२ सालच्या देशव्यापी गणतींत १,८२७ वाघ असल्याचें जाहीर झालें, आणि त्या धक्क्यानें देश जागा होऊन १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पाऊलठशांच्या रीतीनें देशाचें लक्ष वाघाकडे वेधलें, हें तिचें श्रेय कोणी नाकारूं नये.

परंतु त्या रीतींत दोन दोष होते. एकाच वाघाचें पाऊल वाळूंत एका आकाराचें उमटतें, चिखलांत दुसऱ्या आकाराचें. त्यामुळें एकाचे दोन होणें किंवा दोघांचा एक होणें शक्य होतें. दुसरा दोष याहून मोठा. सर्व वाघांचे ठसे मिळालेच, कोणी सुटला नाहीं, असें तींत गृहीत धरलेलें असे. दिसलेले किती हें सांगितलें जाई. न दिसलेले किती असतील हा प्रश्नच विचारला जात नसे. जी रीत आपली चूक मोजूं शकत नाहीं, ती आपली चूक झांकून ठेवते.

याचा परिणाम राजस्थानांतील सारिस्का येथें दिसला. हें रान व्याघ्रप्रकल्पांत होतें, तेथें पहारा होता, कागदोपत्रीं वाघही होते. परंतु २००५ सालीं नीट शोध केला तेव्हां तेथें एकही वाघ उरलेला नव्हता; चोरट्या शिकारीनें ते संपले होते. वाघ मरत असतां त्यांचे आंकडे जिवंत राहिले! वेळीं खरी संख्या कळली असती तर कांहीं उपाय तरी करतां आला असता. पुढें २००८ सालापासून रणथंबोर येथील वाघ नेऊन तेथें पुन्हां वस्ती करावी लागली. चुकीची गणती ही केवळ कागदावरची चूक नसते. तिच्यामुळें संपूर्ण रान ओस पडूं शकतें, हा धडा देशानें फार महागांत घेतला.

दुसरी रीत तोंपर्यंत सिद्ध झालेली होती. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात; कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. वाघाला खूण करण्याची गरज नाहीं; तो जन्मतःच खूण घेऊन येतो, आणि ती गळूनही पडत नाहीं. तार ओलांडतांच वाघाचें छायाचित्र आपोआप निघावें अशी योजना संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी चॅम्पियन यांनीं १९२० नंतरच्या दशकांतच केली होती. कर्नाटकांतील नागरहोळे येथें उल्हास कारंत यांनीं अशा स्वयंचलित कॅमेऱ्यांची पीटरसन-लिंकन यांच्या विचारसरणीशीं सांगड घातली व १९९५ सालीं ती पद्धत प्रसिद्ध केली. वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर दोन कॅमेरे ठेवावयाचे; कारण वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीचे पट्टे निरनिराळे असतात. पहिलें छायाचित्र म्हणजे पकडणें, दुसरें म्हणजे फिरून पकडणें. वाघाला हात न लावतां चिंचोक्यांचा सारा प्रयोग पार पडतो!

नागरहोळे येथें नऊ वर्षें चाललेल्या अशा निरीक्षणांत ७४ निरनिराळे वाघ ओळखले गेले, आणि त्यांचें वर्षांचें तग धरण्याचें प्रमाण शेंकडा ७७ निघालें. म्हणजे आज १०० वाघ असले तर वर्षानें ७७, दोन वर्षांनीं ५९, आणि तीन वर्षांनीं ४६ च त्या रानांत उरतात. रान सुरक्षित असूनही एवढी घट होते. तरी त्या काळांत तेथील वाघांची संख्या ढासळली नाहीं, कारण नवे वाघ ती जागा भरून काढीत होते. वाघ टिकवावयाचा तर केवळ वाघ राखून भागत नाहीं. त्याचीं पिलें जगलीं पाहिजेत, आणि त्यासाठीं चितळ, सांबर, गवा हीं त्याचीं भक्ष्यें विपुल असलीं पाहिजेत, हें या एका आंकड्यावरून कळतें.

२००६ सालापासून देशांतील वाघांची गणती याच तत्त्वावर दर चार वर्षांनीं होऊं लागली. २००६ सालीं १,४११, २०१० सालीं १,७०६, २०१४ सालीं २,२२६, २०१८ सालीं २,९६७, आणि २०२२ सालीं ३,६८२ असे अंदाज निघाले. यांपैकीं शेवटच्या गणतींत आपल्या महाराष्ट्राचा वांटा ४४४ वाघांचा होता. २०१८ च्या गणतींत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावले होते. त्यांनीं टिपलेल्या साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रांपैकीं ७६,६५१ वाघांचीं निघालीं, आणि त्यांतून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखतां आले. म्हणजे जाहीर झालेल्या २,९६७ पैकीं सुमारें शेंकडा ८३ प्रत्यक्ष छायाचित्रांत सांपडले होते; बाकीचे गणितानें अंदाजले. २,९६७ हा आंकडाही एकटा दिलेला नव्हता. खरी संख्या २,६०३ ते ३,३४६ यांच्या दरम्यान असावी, असें त्यासोबत सांगितलेलें होतें. वर्तमानपत्रांनीं मथळ्यांत मधला आंकडा घेतला व दोन टोंकें वगळलीं. सुज्ञ वाचकानें तीं टोंकेंच आधीं शोधावीं.

या आंकड्यांची तुलना करतांनाही सावधपणा पाहिजे. २००६ च्या बेरजेंत सुंदरबनांतील वाघ नव्हते. २०१० च्या बेरजेंत ते आले. म्हणून त्या दोन वर्षांमधील सारी वाढ ही खरोखरीची वाढ नव्हे. मापाचा गज बदलला असतां कापड वाढलें असें म्हणतां येत नाहीं.

६. ज्यांना पट्टे नाहींत त्यांचें काय

चितळाला ओळखूं येण्याजोगी निराळी खूण नसते. अशा प्राण्यांसाठीं सरळ रेषेंत चालण्याची रीत आहे. रानांत आंखलेल्या वाटांवरून निरीक्षक पहांटे चालत जातात, आणि दिसलेला प्रत्येक कळप वाटेपासून किती अंतरावर होता हें मोजून टिपतात. वाटेवरचा कळप सहसा सुटत नाहीं. जसजसें अंतर वाढतें तसतसे कळप झाडींत दडून जातात. दिसण्याचें प्रमाण अंतराबरोबर कसें घटतें यावरून, आपण जणूं किती रुंदीची पट्टी पूर्णपणें पाहिली, हें ठरवितां येतें. समजा, एकंदर ६० किलोमीटर चाल झाली, आणि वाटेच्या प्रत्येक बाजूस ५० मीटर एवढी पट्टी पूर्ण पाहिल्यासारखी झाली. तर पाहिलेलें क्षेत्र ६ चौरस किलोमीटर. तेवढ्यांत ९० चितळ दिसले असतील, तर दर चौरस किलोमीटरास १५ चितळ असा अंदाज निघतो. येथेंही तत्त्व तेंच आहे. दिसले किती, याइतकेंच सुटले किती असतील, याला महत्त्व.

आपल्या प्रांतांत उन्हाळ्यांत बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यांत पाणवठ्यालगत मचाणावर बसून प्राणी मोजण्याची चाल आहे. त्यानें रानाची ओळख होते व लोकांत आवड उत्पन्न होते. हे फायदे लहान नव्हेत. परंतु त्या रात्रीं पाण्यावर न आलेले प्राणी किती, आणि दोन पाणवठ्यांवर दोनदां मोजले गेलेले किती, हें त्यांतून कळत नाहीं. म्हणून तिला दर्शन म्हणावें, गणती म्हणूं नये. याउलट, अहमदनगर जिल्ह्यांतील अकोलें तालुक्यांत (या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे) उंसाच्या शेतांच्या मुलुखांत कॅमेरे लावून बिबट्यांच्या ठिपक्यांवरून पद्धतशीर अभ्यास झाला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत दर १०० चौरस किलोमीटरांत सुमारें पांच मोठे बिबटे असल्याचें दिसून आलें. जेथें राखीव रान नाहीं, दाट मनुष्यवस्ती आहे, तेथें इतके बिबटे माणसांच्या शेजारीं राहतात, हें त्यापूर्वीं कोणास आंकड्यानें सांगतां आलें नसतें.

७. उपसंहार

सारांश, रानांतील शिरगणतीचें सारें शास्त्र एका वाक्यांत सांगतां येईल. जें दिसलें त्याची नोंद प्रामाणिकपणें करावी, आणि जें दिसलें नाहीं त्याचाही हिशेब मांडावा. यापुढें एखाद्या प्राण्याच्या संख्येचा आंकडा वाचनांत आला, म्हणजे विद्यार्थ्यांनीं तीन प्रश्न विचारावे. हा आंकडा कोणत्या रीतीनें काढला? न दिसलेल्या प्राण्यांचा विचार त्यांत केला आहे काय? आणि चुकीची मर्यादा सोबत दिली आहे काय? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं तर आंकडा विचारांत घेण्याजोगा समजावा. एकाचेंही मिळालें नाहीं, तर तो कितीही मोठा व आनंददायक असला तरी त्यावर विसंबूं नये.

पुष्कळांस वाटतें कीं, ‘अमुक ते तमुक यांच्या दरम्यान’ असें बोलणें म्हणजे कच्चेपणाचें लक्षण, आणि एकच आंकडा ठासून सांगणें म्हणजे विद्वत्ता. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. आपल्याला किती ठाऊक आहे याबरोबरच किती ठाऊक नाहीं हेंही जो मोजून सांगतो, त्याचें ज्ञान पक्कें. सारिस्काचे वाघ गेले ते संख्या कमी होती म्हणून नव्हे. संख्या कमी होत आहे हें सांगणारें खरें माप हातीं नव्हतें म्हणून. चिंचोके, चुना आणि एक पातेलें एवढ्या साहित्यावर त्या मापाचें तत्त्व आपल्यापैकीं कोणालाही शिकतां येईल. तें शिकलेले विद्यार्थी उद्यां वनाधिकारी होवोत, शिक्षक होवोत किंवा साधे वर्तमानपत्र वाचणारे नागरिक होवोत. पोकळ आंकड्यानें त्यांची फसवणूक करणें कोणालाही सोपें जाणार नाहीं.